पांढरं फूल दिसलं की कॅमेरा खाली

केतकी गेल्याचं सांगणारा फोन आला तेव्हा मी शेवंतीवरून भांडत होते. लंडनच्या घाऊक फुलबाजारात सकाळी सहाला जाऊन आपली खोकी स्वतः उघडून बघायची, हा माझा बावीस वर्षांचा नेम. त्या दिवशी चौदापैकी पाच खोक्यांत घट्ट मिटलेल्या कळ्या निघाल्या. लग्न शनिवारचं. "ही फुलं उमलेपर्यंत जोडपं हनिमूनहून परत येईल," असं मी त्या माणसाला सुनावत होते, तेवढ्यात फोन वाजला. केतकीचं नाव. सहा वर्षांत ते माझ्या फोनवर उमटलं नव्हतं, पण मीही ते पुसलं नव्हतं. मी फोन उचलला नाही. सौदा अर्धवट सोडून फोन घेतला की माणूस ओळखतो, हिचं लक्ष उडालं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक मनात आलं... शेवटी तिनेच फोन केला. मी नाही केला. जिंकले. पाचही खोकी बदलून घेतली, व्हॅनमध्ये बसले, आरशात बघून केस नीट केले आणि मग फोन लावला. पलीकडे केतकी नव्हती. तिची बायको मेगन होती. "कुंदा," ती म्हणाली, "मंगळवारी गेली ती. डोक्यात रक्तवाहिनी फुटली. दुपारपर्यंत सगळं संपलं." मेगन वेल्श, तिला मराठी येत नाही. तिचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहिते आहे. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. माझ्यामागे लॉरीवाले हॉर्न वाजवत होते आणि मी जागेवरून हलत नव्हते.

मी लग्नाचे मंडप सजवते. इचलकरंजीहून नवऱ्यामागे वॉटफर्डला आले, गॅरेजमध्ये बसून तोरणं आणि मुंडावळ्या करायला लागले, आज दोन व्हॅन आणि एक गोदाम आहे. कोणी मदत केली नाही आणि मी मागितलीही नाही. केतकी पहिल्यांदा दिसली ती वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये, दुसऱ्या एका फोटोग्राफरची मदतनीस म्हणून. बूट घालून माझ्या मंडपाच्या चौथऱ्यावर चढली होती. मी अशी ओरडले की सनईवाला थांबला. ती लाल झाली, "सॉरी मावशी, सॉरी, माझी बूट काढते," म्हणत खाली बसली आणि मग सबंध दिवस मोज्यांवर फिरली. एका मोज्यातून अंगठा बाहेर. संध्याकाळी आवराआवर चालली होती तेव्हा हळूच जवळ आली. "मावशी, हा फुलं सगळा खरा आहे?"

"मग? प्लास्टिक लावते की काय मी?"

"हात लावू?"

बावीस वर्षांत मला हे विचारणारी ती एकटीच. बाकीचे सरळ खुडतात.

ती कार्डिफची, जन्मच तिथला. वडील डॉक्टर होते, घरात मराठी बोलायचे, पण पोरीच्या मराठीत बाई-बाप्या सगळे एका पंगतीला. 'तुम्ही' तिला कधी जमलंच नाही. आठवडाभर ती विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरी करायची आणि शनिवार-रविवार लग्नं. फोटो मात्र असे काढायची की मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगायला लागले, मंडप हवा असेल तर फोटोलाही हीच. तिला व्यवहार अजिबात कळत नव्हता. समोरच्याने "जरा बघा ना" म्हटलं की ही लगेच "ओके". मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय द्यायची. "कुणी कमी कर म्हटलं की आधी पाणी पी," मी तिला शिकवलं. "दोन घोट. तेवढ्यात तोच बोलतो. जो आधी बोलतो तो हरतो." ती हसायची, पाणी प्यायची आणि मग "ओके" म्हणायची.

एकदा मोटारवेवर दोन तास अडकलो होतो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मावशी, मेगन माझी फ्लॅटमेट नाहीये."

"मला डोळे नाहीत का? दोन वर्षं बघते आहे, तिच्या आवडीची भाजी असली की डब्यातली अर्धी तू झाकून ठेवतेस."

"मग तू काही बोलली का नाही?"

"तुझं तू सांगशील म्हणून थांबले होते."

तिने माझा गिअरवरचा हात धरला. गाड्या पुढे सरकल्या तरी सोडेना. मागून शिव्या आल्या असतील, मी लक्ष दिलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने ठरवलं की यापुढे लग्नं करायची ती मुख्यतः दोन बायकांची, दोन पुरुषांची. फोटोग्राफर फोनवरच विचारतात, 'तुमच्यातली नवरी कोण?', असा अनुभव तिच्या मित्रांना आला होता आणि तो तिच्या मनातून जात नव्हता. मी कपाळावर हात मारला. "वर्षाला अशी लग्नं किती? आणि माणसं किती? तीस! माझ्या लग्नांना पाचशे असतात." ती म्हणाली, "मावशी, त्या तीसमधले तीस रडतात. तुझी पाचशे बुफेची लाइन बघतात." यावरचं उत्तर मी अजून शोधते आहे.

पहिल्या वर्षी चार लग्नं मिळाली. लग्नाच्या वस्तूंच्या प्रदर्शनात आमची टेबलं शेजारी असायची. दोन मुली तिच्या टेबलावरून जायच्या, अल्बमकडे तिरकं बघायच्या, पुढे सरकायच्या. मी हाक मारायला जायची तर ती माझा पदर ओढायची. "नको. त्यांना येऊ दे." तिसऱ्या फेरीला त्या यायच्या. मग ती कागद काढायची. त्यावर वधू-वर असे रकाने नव्हते. तुम्हाला काय नावाने हाक मारू, एवढंच आधी. आणि नंतर एक प्रश्न, जो मी दुसऱ्या कुठल्याच फोटोग्राफरच्या तोंडून ऐकला नाही: "हे फोटो कुणाला दिसले तर चालणार नाही?"

या प्रश्नाचं उत्तर कधी दोन नावांचं असायचं, कधी अर्धा तास चालायचं. पुण्याची आजी, नागपूरचा काका, ऑफिसातला साहेब. पाहुण्यांचंही तेच. मित्राच्या लग्नाला यायचं आहे पण आपण तिथे होतो हे घरी कळायला नको. त्यावर केतकीने तोड काढली आणि ती मी बांधून दिली, हेही लिहून ठेवते. दारात दोन परड्या. फोटो चालेल त्याने केशरी शेवंती लावायची, नको असेल त्याने पांढरी. कारण विचारायचं नाही, कुणी कुणाला टोकायचं नाही, आणि फोन आत आणायचे नाहीत. भर नाचात ती कॅमेरा लावून उभी असायची आणि चौकटीत पांढरं फूल आलं की हात आपोआप खाली. मी खूपदा मुद्दाम बघितलंय. एकदा ब्रायटनला केशरीपेक्षा पांढरी फुलं जास्त निघाली. दुसरी कुणी असती तर रडली असती. हिने सबंध लग्न मानेच्या खाली काढलं. हळदीचे हात, एकाच ताटातले दोन चमचे, धोतराचा सोगा सावरून देणारी बोटं, वडिलांच्या बुटांशेजारी लेकाचे बूट. त्या फोटोंनी तिचं नाव झालं. ग्लासगोपासून बोलावणी यायला लागली. तिने विद्यापीठाची नोकरी सोडली त्या दिवशी मी तिला नवा ट्रायपॉड दिला, आणि दुकानदाराशी मी त्याच्यासाठी कशी भांडले ते तिला दोनदा सांगितलं.

आता ग्लासगोचं लिहिते. लिहायचं टाळत होते.

अदिती नागपूरची, ग्लासगोत सॉफ्टवेअरमध्ये. हे तिचं नाव नाही. तिची जोडीदार तिथलीच. अदितीला आपल्या पद्धतीचं लग्न हवं होतं, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं. तिच्या घरी माहीत नव्हतं. त्याच वर्षी दिवाळीत जाऊन ती आईला समोर बसवून सांगणार होती, आणि केतकीच्या त्या प्रश्नाला तिचं उत्तर एकच होतं: आई. त्या लग्नासाठी मी जो मंडप केला तसा आधी केला नाही, पुढेही जमला नाही. पांढरी ऑर्किड, त्यात मोरपंखी पैठणीची पट्टी, आणि पाठीमागे माणसापेक्षा उंच आरसा, म्हणजे फुलं दुप्पट दिसावीत. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीमागे मामा लागतो. मामा कुठून आणणार? अदिती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही उभ्या राहाल?" मी उभी राहिले. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिच्या खांद्यावर माझा हात होता.

त्याआधी, पाहुणे यायच्या आत, मी माझ्या मंडपाचा एक फोटो फोनवर काढून ठेवला होता. फोनची बंदी पाहुण्यांना, मी कामाची बाई, असा माझा हिशोब. जेवणं सुरू झाली तेव्हा खुर्चीत बसून मी तो आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. 'नवीन डिझाइन, चौकशीसाठी फोन करा.' मला त्यात फक्त फुलं दिसत होती. आरशात मुंडावळ्या बांधलेल्या, कपाळाला कपाळ लावून उभ्या असलेल्या दोघी मला दिसल्या नाहीत. ग्रुपवरच्या कुणाच्या तरी वहिनी नागपूरच्या, अदितीच्या आईच्या शेजारच्या निघाल्या. मिठाई वाढायच्या आत अदितीच्या आईचा फोन आला. अदिती कार पार्कमध्ये गेली आणि परत आली. "हे मला शेजारणीकडून कळायचं होतं?" एवढं म्हणून आईने फोन ठेवला होता. अदितीने ते फक्त केतकीला सांगितलं, जेवण तसंच ठेवलं आणि हसत बसली. पाहुण्यांना वाटलं, नवरी दमली.

हॉलच्या स्वयंपाकघरात केतकीने मला गाठलं. "मावशी, तू फोटो काढला?"

मी चुकले, एवढं म्हणायचं होतं. तेवढंच. पण मला कुणी कोंडीत धरलं की मी भाव करायला लागते. "त्यात काय एवढं? कधीतरी कळणारच होतं," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "कधी, ते तिचं होतं," ती म्हणाली. "ते तू घेतलं. माझ्या वेळी तर तू थांबली होती..." आणि कॅमेरा उचलून बाहेर गेली, कारण केक कापायचा होता.

त्यानंतर सहा वर्षं तिने मला एकाही लग्नाला बोलावलं नाही. लेस्टरचा कोणी सजावटवाला तिने धरला. प्लास्टिकचे मोगरे! मी फोटोंमध्ये झूम करून बघायची. मेगनशी तिने लग्न केलं तेही मला मंडळातल्या बायकांकडून कळलं. माझ्या संतापाला पार राहिला नाही. हिला गिऱ्हाईक कुणी दिलं, परड्यांतली फुलं कुणी बांधली, भर थंडीत पहाटे उठून कोण हिच्यासाठी बाजारात गेलं? एक चूक, आणि दार बंद? मी रोज मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे आणि रोज जिंकायचे. फोन तिने करावा म्हणून थांबले होते. जो आधी बोलतो तो हरतो.

तीन आठवड्यांनी मेगनने घरी, कार्डिफला, एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. मला म्हणाली, "फुलं तू आण. तिला खरी लागायची." मी व्हॅन भरून गेले. बाग माणसांनी भरली होती. केतकीने ज्यांची लग्नं काढली ती जोडपी, काहींच्या कडेवर पोरं. मेगनला टेबलावर ठेवायला केतकीचा एक धड फोटो सापडत नव्हता. प्रत्येकजण फोन चाळत होता आणि मिळत होती ती तिची सावली, कोपर, आरशातला अर्धा कॅमेरा. मी फुलं लावून झाल्यावर मेगनला विचारलंच. "माझ्याबद्दल कधी बोलायची ती?"

मेगन परिचारिका आहे, गोड करून सांगायची तिला सवय नाही. "खूप," ती म्हणाली. "तुझ्यासारखी फुलं कुणी करत नाही म्हणायची. आमच्या लग्नात मी म्हटलं, कुंदाला बोलाव. तर म्हणाली, ती येईल, मंडप सुंदर करेल, माझ्याशी रेटवरून भांडेल, आणि सॉरी एवढंच म्हणणार नाही. ते मला त्या दिवशी सहन होणार नाही."

म्हणजे तीही थांबली होती, माझ्या एका सॉरीसाठी, आणि मला वाटत होतं मी एकटीच थांबले आहे.

अदिती आली होती. अंजिराच्या झाडाखाली, हातात कप. सहा वर्षांनी मी तिच्यासमोर गेले आणि पहिल्यांदाच पुढेमागे काही न जोडता म्हणाले, "अदिती, तो फोटो मी टाकला. माझी चूक होती. मला माफ कर."

तिने कप खाली ठेवला. "काकू, मला सॉरी नको. आईला सांगा. सणाला फोन करते ती, दोन मिनिटं. तिला अजून वाटतं की मी तिच्यापासून लपवलं. मी दिवाळीचं तिकीट काढलं होतं हे तिला माहीतच नाही. मी सांगितलं तर सारवासारव वाटेल. तुम्ही सांगा. तिकिटाचंही सांगा."

"आत्ता?"

"आत्ता. नाहीतर तुम्ही सांगणार नाही."

बाहेर गर्दी होती, म्हणून मेगनने आम्हाला केतकीच्या कामाच्या खोलीत बसवलं. छोटी खोली, खिडकीशी टेबल, भिंतभर खोकी, प्रत्येकावर तिच्या वाकड्या अक्षरात दोन-दोन नावं. अदितीने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी आयुष्यभर लोकांशी घासाघीस केली, पण त्या वेळी पहिलं वाक्य मनात दोनदा म्हणून बघितलं.

"मी कुंदा बोलते, इंग्लंडहून. मंडप करते," मी म्हणाले.

"तो फोटो तुम्हीच टाकला." त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"हो. न विचारता टाकला. अदिती तुम्हाला त्या दिवाळीत स्वतः येऊन सांगणार होती. धनत्रयोदशीचं तिकीट काढलं होतं तिने. मी तिच्या आधी बोलून बसले."

मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "तिकीट काढलं होतं?"

"काढलं होतं."

"मला वाटलं... मला सांगायचंच नव्हतं तिला." मग एकदम वेगळ्याच आवाजात, "मामा तर इथे होता. तिच्यामागे कोण उभं राहिलं?"

"मी."

"हळद लावली होती?"

"लावली होती. मी घरून नेली होती."

"तो फोटो आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "फोन बदलला तरी ठेवलाय. मोठा करून बघते, पण चेहरा विरतो. चुडा हिरवा होता का तेही नीट कळत नाही... तिला सांगू नका हं."

(हे मी इथे लिहिते आहे ते त्यांनी नंतर आपणहून लेकीला सांगितलं म्हणून, आणि दोघींनी 'लिहा' म्हटलं म्हणून. आईंची अट एकच होती, मंडपाचं वर्णन नीट यावं.)

अदिती माझ्याकडे वळून बघत होती. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. हिची आई सहा वर्षं रोज हिचा चेहरा मोठा करून बघते आहे, हे मला कळलं होतं आणि तिला नव्हतं. जिभेवर आलेलं मी गिळलं. "मी नाही सांगणार," मी फोनवर म्हणाले. "ते तुमचं आहे. पण ती इथेच उभी आहे, माझ्यापासून हातभर. फोन देऊ?"

पलीकडून काही येईना. मी पाणी मागितलं नाही, दुसरं काही बोलले नाही. फक्त थांबले.

"द्या," त्या म्हणाल्या.

मी फोन अदितीच्या हातात ठेवला, मागे बघितलं नाही, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात मेगन किटली भरत होती. बंद दाराकडे बघून ती थांबली. "केतकी असंच करायची," ती म्हणाली. "जोडपी फोटो बघायला आली की सगळे फोटो टेबलावर मांडून ठेवायची आणि दार लावून इथे येऊन बसायची. स्वतःकडे पहिल्यांदा बघताना माणसाला एकटं असू द्यावं म्हणायची. आतून हाक आल्याशिवाय जायची नाही."

मी दुधाची बाटली काढली. मेगनने सवयीने चार कप मांडले, मग एक परत ठेवला. आतून एकदा हसण्यासारखं ऐकू आलं, कदाचित रडण्यासारखं. चहा झाला, गार झाला, मेगनने तो ओतून दुसरा ठेवला. दाराकडे कुणी गेलं नाही.